नळ आला तेव्हा आम्ही आड बुजवला

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा. राजकारण नाही, कुठल्या पक्षावर टीका नाही. दोष द्यायचाच झाला तर तो शेवटी माझ्यावरच येतो, ते पुढं कळेलच.

गेल्या रविवारी मस्तगडला गेलो होतो. काम साधं होतं. आईचं नाव अजून तिथल्या मतदार यादीत आहे. तिला जाऊन दोन वर्षं होतील. नाव वगळायला नमुना ७ भरून द्यायचा, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची, बस्स. मोबाईलवरून पण होतं म्हणे. पण मनात आलं, एवढ्या कामाला तरी स्वतः जावं.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, अंबडहून जालना कितीसं लांब! तुम्ही तर महिन्यातनं चारदा येता. खरं आहे. कलेक्टर ऑफिसची बैठक, कुठली पत्रकार परिषद, मोंढ्यात भाव विचारायला, मोसंबीचा हंगाम असला की मार्केटात. पण काम झालं की अंबड चौफुलीवरून सरळ परत. मस्तगडला म्हणून मी बारा वर्षं गेलो नव्हतो. जिथं आयुष्याची एकोणतीस वर्षं काढली तिथं. गांधी चमनपर्यंत जायचो आणि गाडी वळवायचो. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. या रविवारी कळलं.

गाडी गांधी चमनजवळ लावली आणि पायी निघालो. शहर पाहायचं तर पायीच पाहावं. गाडीवरून फक्त खड्डे दिसतात.

आता इथं रडगाणं अपेक्षित असतं, हे मला माहीत आहे. "जुनं जालना राहिलं नाही", "माणसं बदलली", "आमच्या वेळी असं नव्हतं". अशा पोस्ट तुम्हीही वाचता, लाईक करता आणि पुढं जाता. मला तसलं काही लिहायचं नाही. आमच्या वेळी काय होतं ते मला चांगलं आठवतं. पहाटे चारला बायका हंडे घेऊन उभ्या असायच्या. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडांना मिळून एक संडास होता. पावसाळ्यात माळवद गळायचं आणि आई रात्रभर भगुनी हलवत बसायची. शेजारच्या मुलीचं शिक्षण सातवीला थांबलं, कारण घरात पाणी भरायला माणूस नव्हतं. हे सगळं "सुंदर जुने दिवस" म्हणून विकायला मी तयार नाही.

रविवारी काय दिसलं तेही सांगतो. त्याच गल्लीतून तीन मुली स्कुटीवर क्लासला चालल्या होत्या, पाठीला दप्तरं, आपसात भांडत. घरोघर न्हाणीघर आणि संडास झालेत. मुंबईला जायचं तर जालन्यातून वंदे भारत आहे, ती २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाली. समृद्धी महामार्ग शहराच्या कडेनं गेलाय. माझ्या लहानपणी मनमाडची गाडी मीटरगेजची होती, आणि मुंबईला जाणं म्हणजे मनमाडला उतरून गाडी बदलणं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा मी अगदी लहान होतो. २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ३५ हजारांच्या घरात होती, २०११ ला २ लाख ८५ हजार. त्यानंतर मोजणीच झाली नाही, पण गर्दी बघून अंदाज कुणालाही येतो. बियाणं आणि सळई या दोन गोष्टींनी या गावाला नाव दिलं, पैसा दिला. माझ्या वडिलांना पगारही सळईच्याच एका कारखान्यात मिळाला, काट्यावर कारकून होते ते. "जालना सोने का पालना" म्हणतात ते उगीच नाही. पाळण्यात कोण झोपतं आणि दोरी कोण ओढतं हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी.

तर बदल झाला म्हणून माझी तक्रार नाही. बदलात आपण काय काय गाडून टाकलं याची साधी नोंदसुद्धा ठेवली नाही, तक्रार त्याची आहे.

आमचा वाडा आता नाही. ते मला ऐकून माहीत होतंच. त्या जागी तीन मजली इमारत आहे, खाली शटरची दुकानं, वर भाडेकरू. मी समोर उभा राहून अंदाज घेत होतो, ओटा कुठं होता, आमची खोली कुठं, लिंब कुठं. काही जमेना. शेवटी विजेच्या खांबावरून जागा लावली, कारण खांब तेवढा तिथंच होता. थोडा वाकला होता इतकंच.

समोरच्या घरातून आवाज आला, "किसको ढूंढ रहे?"

खाला. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय, पण आवाज तोच. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "अरे, तू तो शिलाईवाली बाई का बेटा ना? पेपरवाला?"

आई शिवणकाम करायची. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या शाळेच्या चड्ड्या तिनं शिवलेल्या. खालांच्या दोन्ही लेकींच्या लग्नातले कपडे तिच्याच मशीनवर झाले होते. मी आत गेलो, बसलो. आई गेल्याचं सांगितलं. खाला काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून पाणी आणलं. स्टीलच्या तांब्यातलं, माठातलं. मी प्यायलो, आणि सवयीनं विचारलं, "पाणी किती दिवसांनी येतं आता?"

"आता है. कभी जल्दी, कभी देर से," त्या म्हणाल्या. "सामने की बिल्डिंग में बोर मारा. अप्रैल में सूख जाता. अपना आड था तब नहीं सूखता था."

आड.

मंडळी, ज्या शब्दासाठी मी बारा वर्षं गाडी वळवत होतो तो हा शब्द.

आमच्या वाड्याच्या अंगणात आड होता. दगडी बांधणीचा, तोंडाला चार हात रुंद. वर लाकडी रहाट, दोर, पोहरा. पोहरा आत पडला की गळ टाकून काढायचा, त्यात माझा हात बसलेला होता, गल्लीभर मला बोलवायचे. पाणी प्यायला जरा जड, पण धुण्याभांड्याला, अंघोळीला, गणपतीच्या दिवसांत अंगणात सडा घालायला सात बिऱ्हाडांना पुरायचं. माझ्या डोळ्यांनी मी तो आटलेला पाहिला नाही. उन्हाळ्यात दोर वाढवावा लागायचा एवढंच.

१९९६ साली वाड्यात नळ आला. अंगणात नळ! आम्ही नारळ फोडला. पुढची दोन वर्षं आडाकडं कुणी बघितलं नाही. त्यात निर्माल्य पडू लागलं, मग कचरा, मग एकदा मांजर पडलं. डास झाले. वाड्यातल्या सगळ्यांची बैठक झाली आणि ठरलं, आड बुजवायचा. घरमालकांचं म्हणणं होतं की जागा मोकळी झाली तर दोन सायकली, एक स्कूटर लागेल. सगळ्यांना पटलं. एकट्या माझ्या आईला पटलं नाही. ती म्हणाली, "पाण्याला असं गाडू नये."

तिचं कुणी ऐकलं नाही. मी तर तिची चेष्टा केली. एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात शिकत होतो, मला सगळं कळत होतं. १९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत राबिटाच्या पाट्या मी स्वतः टाकल्या. मी आणि गल्लीतली चार पोरं. दोन दिवसांत आड भरला. वर फरशी बसवली. त्या फरशीवर आम्ही कॅरम खेळायचो.

पुढं मी तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन वृत्तपत्रविद्येचा डिप्लोमा केला, परत येऊन बातमीदारी धरली. आणि मग आलं २०१२.

तो दुष्काळ तुमच्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. पाऊस झालाच नाही म्हणावं असं ते वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शेतकऱ्यांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची झाडं तोडून सरपणाला घातली. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला. दिल्ली-मुंबईचे पत्रकार जालन्याला येऊन राहिले. मीही लिहीत होतो, रोज. टँकरच्या फेऱ्या, छावण्या, रिकामे हंडे. दिवसा दुसऱ्यांच्या रांगेच्या बातम्या करायच्या आणि रात्री आमच्या गल्लीत टँकर आला की स्वतः रांगेत उभं राहायचं.

एप्रिल २०१३ मधली गोष्ट. मी बातमी पाठवायला ऑफिसात होतो. टँकर आला, आई हंडा घेऊन गेली. पाणी सांडून अंगणातली फरशी निसरडी झालेली. ती घसरली. मनगट मोडलं.

घसरली ती त्याच फरशीवर. आडाच्या.

दवाखान्यात प्लास्टर घालताना ती मला काही म्हणाली नाही. "आड असता तर" असं एकदासुद्धा नाही, शेवटपर्यंत नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. हात वाकडा जुळला, मशीन बंद झाली. बायकोची नोकरी अंबड तालुक्यात शाळेवर होती, जूनमध्ये आम्ही सामान हलवलं. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पाण्यामुळं गाव सोडलं. त्या वर्षी हे कुणालाही पटण्यासारखं होतं. टँकरवर, टंचाईवर, नियोजनावर मी त्या काळात शंभरेक तरी बातम्या केल्या असतील. आपल्याच अंगणात आपल्याच हातानं बुजवलेल्या आडाची एक ओळ लिहिली नाही.

ती आज लिहितोय.

आता वैयक्तिक बाजूला ठेवतो, कारण हा एका वाड्याचा प्रश्न नाही.

मस्तगड हे नाव आपण दिवसातून दहादा घेतो. मिरवणूक मस्तगडवरून जाणार, रिक्षा मस्तगडला थांबवा. यातला "गड" कुठला, हे किती जणांना सांगता येईल? रविवारीच एका पोराला विचारलं, तर म्हणाला, "गड? मस्तगड म्हणजे चौक ना काका?" मी त्याला हसलो नाही. लहानपणी मी वडिलांना हेच विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "इथं मस्त माणसं राहतात म्हणून." मला ते बरीच वर्षं खरं वाटायचं.

गॅझेटियर उघडलं तर माहिती मिळते. आसफजाहच्या हुकुमावरून काबील खानानं १७२५ साली जालन्याला किल्ला आणि बालेकिल्ला बांधला. चौकोनी बांधणी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज. बालेकिल्ल्यावर बांधणीची तारीख सांगणारा फारशी शिलालेख. त्या बालेकिल्ल्यालाच पुढं मस्तगड म्हणू लागले, आणि नगरपालिकेची कार्यालयं त्यातच थाटली गेली. आणि पुढची ओळ वाचून मी थांबलो. बालेकिल्ल्यात एक मोठी विहीर आहे आणि तिच्यात सज्जे आणि दालनं आहेत, असं म्हटलं जातं.

म्हणजे ज्या गडाच्या सावलीत आम्ही राहत होतो, त्याच्याही पोटात विहीर होती. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघायचं, हे त्या काळच्या माणसाला कळत होतं. आणि १७२५ ला २०२५ मध्ये तीनशे वर्षं झाली. तुमच्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मलाही नव्हतं. पत्रकार असून.

आणखी मागं गेलं तर मोती तलाव. मलिक अंबरच्या काळात जमशेद खान इथला कारभार बघत होता. काळी मशीद, हमाम, सराई त्यानं बांधली आणि शहराबाहेर हा तलाव घातला. नुसता तलाव नाही. तिथून जमिनीखालून नळ टाकून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. चारशे वर्षांपूर्वी, मोटारीशिवाय, उतारावर. शेजारी छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर-ए-अंबरी त्याच विद्येची, आणि तिकडं बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही. बुऱ्हाणपूरवाल्यांनी तो जपला, आज लोक लांबून तो बघायला येतात. आपण मोती तलावाच्या बागेत भेळ खातो. भेळेबद्दल तक्रार नाही, चांगली असते. पण त्या तलावातून निघालेला नळ कुठल्या गल्लीखालून गेला हे आज गावात कुणाला सांगता येईल?

मग निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव. तिथूनही पाणी उतारानंच शहरात यायचं, पंपाशिवाय. गावातल्याच लोकांनी पैसे आणि मशिनी घालून त्याचा गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो गाळ स्वतःच्या खर्चानं शेतात नेला. हे काम आपल्या शहरानं अभिमानानं सांगावं असं आहे. आणि आता जायकवाडी. पार पैठणहून अंबडमार्गे पाइपलाइननं पाणी येतं.

हा क्रम नीट बघा. आधी अंगणातला आड. मग गावाच्या कडेचा तलाव. मग गावाबाहेरचा घाणेवाडी. मग दुसऱ्या जिल्ह्यातलं धरण. पाणी जितकं लांबून येऊ लागलं, तितकं जवळचं आपण बुजवत गेलो. जायकवाडी आणू नये असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या शहराची तहान आडावर भागणार नाही, हे मलाही कळतं. पण लांबचं आणताना जवळचं गाडायची गरज नव्हती. घरात नवी सून आली म्हणून सासूला कुणी पुरत नाही.

हे लिहिलं की लगेच तीन गोष्टी ऐकायला मिळतील, त्यांचं आधीच बोलून घेतो.

पहिली : "इतिहासानं पोट भरतं का?" नाही भरत. पण मी इतिहासासाठी बोलतच नाही, पाण्यासाठी बोलतोय. हिशेब करू. समजा तुमची गच्ची १००० चौरस फुटांची आहे. वर्षात ६५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका गच्चीवर साधारण ६० हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे सहा टँकर. सगळं हाती लागत नाही, काही उडून जातं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं. चार टँकर तरी धरा. आज ते पाणी गच्चीवरून पाइपनं गल्लीत, गल्लीतून नालीत, नालीतून कुंडलिकेत, आणि सोबत आपला कचरा. तेच पाणी दगड-वाळूच्या गाळणखड्ड्यातून बोअरमध्ये किंवा जुन्या आडात सोडलं, तर एप्रिलमध्ये आटणारा बोअर कदाचित मे बघेल. यात नवीन काही नाही. शाळेच्या पुस्तकातही आहे.

दुसरी : "उघडे आड म्हणजे डास आणि अपघात." अगदी बरोबर. आम्हीसुद्धा ह्याच कारणानं बुजवला होता. पण लोखंडी जाळी बसवता येते. सळईच्या गावाला जाळी महाग आहे का?

तिसरी : "जागेला आता भाव किती आहे माहीत आहे का?" माहीत आहे. म्हणून तर इमारतीखाली गेलेला आड उकरा असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. जे उरलेत त्यांचं बोलू.

मला तीनच गोष्टी सुचवायच्यात.

एक. महानगरपालिकेनं प्रभागवार नोंदवही करावी. कुठं आड होता, कुठं आहे, कुठल्या बारवेत काय स्थिती आहे, जुना हौद कुठं, जमिनीखालचा जुना नळ कुठं सापडला. घर मोजायला माणसं येतात, मतदार मोजायला येतात, तशी एकदा पाण्याची ठिकाणं मोजून घ्यावीत. शाळा-कॉलेजची पोरं हे काम महिनाभरात करतील. जुनी माणसं आहेत तोवर करावं लागेल, कारण ही नोंद कागदावर नाही, त्यांच्या डोक्यात आहे. उद्या रस्ता खोदताना जेसीबीला काय लागलं हे सांगणारं कुणी उरणार नाही.

दोन. मस्तगडची विहीर आणि शिलालेख जाणकारांकडून तपासून घ्यावा, आणि जे असेल ते मराठीत आणि उर्दूत लिहून फलक लावावा. मोठ्या घोषणा, सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट, कारंजं, यातलं काही नको. कारंजं तर नकोच, आधी नळाला पाणी येऊ द्या. साधा फलक. त्या पोराला "गड कुठंय" विचारलं तर त्यानं हात करून दाखवावा, एवढंच.

तीन. हे आपल्याकडं आहे. ज्याच्या आवारात अजून आड आहे त्यानं तो बुजवू नये. साफ करावा, जाळी टाकावी, गच्चीचं पाणी त्यात सोडावं. निर्माल्य टाकू नये. नदीबद्दल आपण सगळे हळहळतो, कुंडलिकेची नाली झाली म्हणतो, पण घरातलं पहिलं निर्माल्य आपणच टाकलेलं असतं. माझ्या हातानं टाकलेल्या राबिटाच्या पाट्या मी वर सांगितल्यात, म्हणून हे बोलायचा थोडासा हक्क मला आहे असं समजतो.

एक गोष्ट राहिली. निघताना खालांना विचारलं, "तो आड नेमका कुठं आला आता?" त्या ओट्यावर आल्या, काठी टेकत. समोरच्या इमारतीच्या एका शटरकडं बोट केलं. मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. म्हणाल्या, "उसके नीचे. पानी तो अब भी हैच नीचे. हम ने ढक दिया, वो कहाँ जाता?"

मी दुकानात गेलो. दुकानदार पंचविशीतला पोरगा. म्हणलं, भाऊ, तुझ्या खुर्चीखाली आड आहे. तो घाबरलाच आधी. मग म्हणाला, "म्हणूनच फरशी एका बाजूनं खचू राहिली होती का! मालकाला सांगतो." मी म्हणलं, सांग. आणि गच्चीचं पाणी बोअरला सोडा म्हणावं. तो म्हणाला, "तुम्हीच बोला ना मालकाशी, माझं कोण ऐकतं." नंबर दिला. मी फोन केलाय. मालक म्हणाले, या पुढच्या रविवारी, बघू. बघू म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पण जाणार आहे.

नमुना ७ दिला. त्यात कारणाचा रकाना असतो. मृत्यू, स्थलांतर, असं काय काय. आईचं खरं तर दोन्ही होतं, आधी स्थलांतर, मग मृत्यू. मी मृत्यूवर खूण केली. काही दिवसांत यादीतून नाव जाईल. जायलाच पाहिजे, नियम आहे. मग मस्तगडला आमचं असं कागदावर काही राहणार नाही.

म्हणून ही नोंद मी इथं करून ठेवतोय. मस्तगड, जुना वाडा, अंगणातला आड, दगडी, चार हात रुंद. बुजवला दिवाळी १९९८. बुजवणाऱ्यांत मी होतो. एका बाईनं नको म्हणलं होतं.

तुमच्या गल्लीतला आड, बारव, हौद, कुठं होता, कुठं आहे, कधी बुजवला, खाली लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहा. बुजवणाऱ्याचं नाव नका लिहू, भांडणं नकोत. जागा तेवढी लिहा. पन्नास ठिकाणं जमली तर मी स्वतः यादी करून महानगरपालिकेत नेऊन देतो, पोच घेतो आणि पोच इथं टाकतो.